बाबांची पालखी आणि मालगाडी

बेकरीत कामाला लागलो तेव्हा मालकिणीनं विचारलं, "एक्सपीरियन्स?" मी म्हटलं, "व्हेरी." तेव्हा माझं इंग्रजी तेवढंच होतं आणि पावाचा अनुभव म्हणजे चहात बुडवून खाण्याचा. पण रत्नागिरीकडून स्पॉन्सर करून आणलेला सातवी नापास भाऊ शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरात बेसमेंटमध्ये लोळत टीव्ही बघतोय, हे ताईला फार दिवस बघवलं नाही. इंडियन ग्रोसरीला जाता येता तिला ही इटालियन बेकरी दिसायची. तिनंच मला तिथं चिकटवलं.

मालकिणीनं एकदाच मला पीठ मळायला दिलं. त्या दिवशीचे पाव तिनं मागचं दार उघडं राहावं म्हणून दाराखाली लावले. तेव्हापासून माझं काम म्हणजे पिठाची पोती उचलणं, ट्रे धुणं आणि डिलिव्हरीची व्हॅन चालवणं. व्हॅनमध्ये पाव आधीच भाजलेले असतात, त्यामुळे मला बिघडवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मालकिणीचा बाप दिवसभर ओव्हनजवळ खुर्ची टाकून बसायचा. बेकरीत सगळे त्याला नोन्नो म्हणतात, म्हणजे त्यांच्यात आजोबा. नोन्नोचं काम माझ्या चुका काढायचं, आणि ते काम त्याला कधी कमी पडलं नाही. मला तो शॉर्टी म्हणायचा. मी उंचीनं कमी आहे, हे मला गावात कधी कुणी इतक्या प्रेमानं सांगितलं नव्हतं.

बेकरीच्या मागच्या गल्लीत एक लहान चर्च होतं. नोन्नोच्या आजोबाच्या गावची माणसं इथे गवंडीकाम करायला आली, त्यांनी ते आपल्या हातानं बांधलेलं. आत एका संताचा लाकडी पुतळा. त्याच्या छातीवर गोल काच आणि काचेमागे हाडाचा लहानसा तुकडा. संताचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. एकदा प्रयत्न केला तर नोन्नो म्हणाला, "हे तू त्याचं नाव घेतलंस की शिंकलास?" तेव्हापासून मी त्यांना नुसतं बाबा म्हणतो.

"हाड खरं आहे?" मी एकदा विचारलं.

नोन्नो खुर्चीत सरसावून बसला. "समुद्राच्या पलीकडे, तुर्कांच्या बाजूला त्याची कबर होती. आमच्या गावचे खलाशी धान्य विकायला गेले आणि येताना त्याला घेऊन आले."

"न विचारता?"

"विचारायचं कुणाला?"

"म्हणजे चोरला."

नोन्नोनं कॉफीचा कप खाली ठेवला. "चोरला नाही, आणला. त्याला यायचं नसतं तर बोट जागची हलली नसती. आणि नव्हतीच हलत! दोन-तीन खलाशांनी गुपचूप एकेक तुकडा स्वतःकडे ठेवला होता. वारा उलटा फिरला. सगळ्यांनी आपापले तुकडे परत आणून ठेवले, तेव्हा कुठे शीड भरलं."

मग तो सुटलाच. त्या काळात त्या समुद्रात हेच चालायचं म्हणे. प्रत्येक बंदराला आपला एक संत हवा. एका शहराच्या व्यापाऱ्यांनी तर आपला संत डुकराच्या मांसाखाली लपवून आणला, म्हणजे तिकडच्या नाक्यावरचे लोक हात लावणार नाहीत. हे ऐकून मला एकदम आपलेपणा वाटला. आमची ताई गावाहून येताना सोडे आणि सुकट साड्यांच्या खाली घालून आणते. कस्टमवाला बॅग उघडतो, एक श्वास घेतो आणि पुन्हा बंद करतो. नोन्नोला हे सांगितलं. संताची आणि सुकटीची बरोबरी केली म्हणून तो दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मला मात्र ती गोष्ट सोडेना. आमच्यात माणूस गेला की अस्थी पाण्यात सोडतात, म्हणजे तो मोकळा झाला. यांच्यात पाण्यावरून आणतात, म्हणजे तो जवळ राहिला. बाबांच्या छातीतला तो तुकडा नोन्नोच्या गावातून अमेरिकेला आला तोही बोटीनंच, एका बाईच्या शिवणाच्या डब्यात, सुया आणि रिळांच्या शेजारी.

आणि त्या बाबांना आता आणखी एकदा हलायचं होतं. चर्चला माणसं उरली नव्हती. छप्पर गळत होतं. चर्चच्या वरच्या लोकांनी ठरवलं, हे बंद करायचं आणि रुळांच्या पलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये सगळ्यांनी जायचं. तिथे कार्पेट आहे, एसी आहे, भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. फादर बेकरीत येऊन नोन्नोला समजावत होते.

"पुतळा आपण पिकअप ट्रकमधून नेऊ. ब्लँकेटमध्ये गुंडाळून. सेफ."

"सोफा आहे का तो?" नोन्नो म्हणाला. "माझ्या आजोबाच्या वेळेपासून तो या गावात खांद्यावरून फिरलाय. जाईल तर खांद्यावरून जाईल."

"उचलणार कोण? तुमच्या या संताच्या मंडळातले सगळे काठी घेऊन चालतात."

नोन्नोनं आपली काठी खुर्चीमागे सरकवली. फादर गेल्यावर तो मालकिणीला म्हणाला, "ट्रकात घातला तर मी त्या कार्पेटवर पाय ठेवणार नाही. मेलो तरी नाही."

मालकीण आत येऊन भिंतीकडे तोंड करून रडली. मी ट्रे धूत होतो. ती मला म्हणाली, "हा माणूस जन्मात एक रविवार चुकला नाही रे. आता घरात बसून राहील आणि महिन्याभरात आटपेल."

अशा वेळी शहाणा माणूस ट्रे धुतो. मी म्हटलं, "मी उचलतो."

नोन्नोनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला वेळ फार लागला नाही.

"नोन्नो, आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी असते," मी म्हटलं. "आम्ही ती खांद्यावर घेऊन नुसते चालत नाही, नाचवतो! मी किती वर्षं नाचवलीय. गावात म्हणायचे, हा दमतच नाही."

हे खोटं नव्हतं. गावात खरंच तसं म्हणायचे. का म्हणायचे ते मला पुढे नेपरव्हिलच्या ड्राइव्हवेत कळलं.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, की खांदा द्यायला सात माणसं पाहिजेत. पहिल्या मिनिटाला सगळ्यांनी हात जोडून श्रद्धांजली वाहिली. एका काकूंनी फोन करून विचारलं, "कोण गेलं हो?" मी दुसरा मेसेज टाकला की कोणी गेलेलं नाही, म्हणजे गेलेत पण फार पूर्वी, आणि ते ख्रिश्चन आहेत. मग प्रश्न सुरू झाले. पार्किंग आहे का? जेवण आहे का? पुण्याच्या एकानं विचारलं, "यात आमचा रोल नक्की काय असेल?" मी लिहिलं, "खांब." शेवटी बेकरीतून केक मिळेल म्हटल्यावर सात जण तयार झाले. सगळे सॉफ्टवेअरवाले. दिवसभर खुर्चीत बसून एकाचीही पाठ धड नव्हती.

त्यांना तयार करायला माझी भाची आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. इथेच जन्मलेली, मराठी समजतं सगळं, बोलते इंग्रजीत. तिनं ताईचं ट्रेडमिल गॅरेजमधून बाहेर काढायला लावलं, खाली दोन लांब लाकडं बांधली आणि म्हणाली, "लिफ्ट." त्या ट्रेडमिलमुळे कोणाला घाम आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

भाचीनं उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. माझी जोडी लागेना. मग तिनं मला मधोमध घातलं. ड्राइव्हवेत दोन फेऱ्या झाल्या. सगळे धापा टाकत होते, मी एकटा ताजातवाना. मी म्हटलं, "बघा! सवय लागते याला."

भाचीनं आपला हात माझा खांदा आणि लाकूड यांच्यामध्ये घातला. हात आरपार गेला. "मामा," ती म्हणाली, "यू आर नॉट इव्हन टचिंग इट."

सातही जण हसले. नागपूरचा एक तर हसता हसता खालीच बसला, म्हणजे ट्रेडमिलही बसलं. मी मात्र गावातल्या सगळ्या शिमग्यांचा हिशोब लावत उभा राहिलो. पुढे आमचा गुरव उंच, मागे त्याचा भाऊ उंच, मधे मी, आणि दांडी माझ्या डोक्यावरून. इतकी वर्षं मी पालखीखाली नुसता सावलीत नाचत होतो. म्हणून दमत नव्हतो.

भाचीनं माझ्या खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली. मग दुसरी. मग म्हणाली, "इट्स ओके मामा. मॉरल सपोर्ट."

दिवस उजाडला. उन्हाळ्यातला रविवार. जुन्या चर्चमधून आम्ही बाबांना त्यांच्या पालखीच्या दांड्यांसकट खांद्यावर उचललं. पुढे फादर. त्यांच्यामागे नोन्नोच्या मंडळातले दोन म्हातारे, एकाकडे ट्रम्पेट, दुसऱ्याकडे मोठा ढोल. मग आम्ही आठ जण, म्हणजे सात आणि मी. मागे मेणबत्त्या घेतलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांत मागे पोलिसाची गाडी. नोन्नो आमच्या बाजूनं काठी टेकत चालत होता. काळा सूट, छातीवर मंडळाचा बिल्ला. मध्ये मध्ये वर बाबांच्या काचेकडे बघायचा आणि खाली आमच्या पायांकडे. आमच्या पायांकडे बघून त्याचं तोंड कडू व्हायचं.

दोन चौक छान गेले. मग आलं रेल्वेचं फाटक. फाटकाची घंटी वाजायला लागली, लाल दिवे लागले, दांडे खाली आले. आम्ही थांबलो.

थांबायचं झालं तर त्यासाठी टेकू असतात. वरून गलोलीसारखी दुबेळकी असलेली चार लाकडं. ती पालखीच्या दांड्यांखाली लावली की ओझं त्यांच्यावर, माणसं मोकळी. नोन्नोनं ते टेकू मला आदल्या दिवशी दाखवले होते. "शॉर्टी, तुला बाकी काही जमणार नाही. एवढं आण." मी म्हटलं होतं, "डोन्ट वरी."

"टेकू," नोन्नो म्हणाला.

मी बुटांकडे बघायला लागलो.

"शॉर्टी, टेकू कुठायत?"

टेकू व्हॅनमध्ये होते. व्हॅन बेकरीच्या मागे होती. केकचे खोके बसावेत म्हणून मीच ते आदल्या संध्याकाळी आतल्या बाजूला सरकवले होते.

"ठीक आहे, लोकलच असेल," पुण्याचा म्हणाला. "शिकागोला जाणारी. एका मिनिटात जाते."

लोकल नव्हती. मालगाडी होती. या भागातली मालगाडी ज्यानं बघितली नाही त्याला काय सांगू! इंजिनं गेली, मग टाक्या, मग डबे, डब्यांवर डबे, आणि पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत डबेच.

"काका, पाठ गेली," मागून आवाज आला.

"खाली ठेवू या का?"

"जमिनीला लावायचा नाही!" नोन्नो ओरडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आजवर रस्त्याला टेकला नाही तो!"

फादर घाईघाईनं आले. "खाली ठेवा. प्लीज. पडला तर काय करायचं? मी ट्रक बोलावतो." आणि त्यांनी खरंच फोन काढला.

नोन्नोनं फोनकडे बघितलं, मग बाबांकडे. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मला त्याचे ते हात बघवेनात. ट्रक आला तर तो माझ्यामुळे येणार होता.

आता माझं कसं होतं, की सात जणांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि माझ्या खांद्यावर काहीच नसल्यामुळे माझ्याकडे श्वास भरपूर होता. आमच्या गावात पालखी अडली, जड झाली की पोलिसाला बोलवत नाहीत आणि ट्रकलाही नाही. गाऱ्हाणं घालतात. ते घालायचा मान गुरवाचा. माझा नाही. पण गुरव होता रत्नागिरीला आणि मी होतो इलिनॉयमध्ये. मी मान वर केली आणि खच्चून ओरडलो,

"बा देवा महाराजा!"

सात जणांतले चार मुंबई-कोकणातले. त्यांच्या तोंडून आपोआप आलं, "व्हय महाराजा!"

"आज ही तुझी लेकरं तुला खांद्यावर घेऊन निघाली हायत, ती गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता पुण्याचाही.

"मधे ही जी काय मालगाडी आडवी आली हाय, ती लवकर पुढे काढ रे महाराजा!"

मागून म्हाताऱ्यांचा बारीक आवाज आला, "होय माराजा!" त्यांना वाटलं ही आमच्याकडची प्रार्थना. एकानं सांगायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, याची त्यांना जन्माची सवय. मेणबत्त्या वर धरून त्या प्रत्येक वेळी उत्तर द्यायला लागल्या.

"आणि टेकू विसरणाऱ्या या गाढवाला पदरात घे रे महाराजा!"

"होय माराजा!" हे सगळ्यांत जोरात झालं.

ढोलवाल्या म्हाताऱ्याला राहवेना. त्यानं प्रत्येक उत्तरावर एक ठोका टाकला. मग दोन. आणि तो ठोका, काय सांगू, थेट शिमग्याचा. माझे पाय माझे राहिले नाहीत. मी पुढे-मागे व्हायला लागलो. मी टॉवेलांसकट दांडीला लटकलेला, त्यामुळे दांडीही पुढे-मागे व्हायला लागली. बाबा हलले. वर त्यांचा हात पुढे झुकला, मागे गेला, पुन्हा पुढे. म्हाताऱ्या किंचाळल्या. फादरांचा फोन हातातच राहिला.

"थांबा! थांबा!" ते ओरडत होते. पण आठ माणसं एकदा हलायला लागली की त्यांना थांबवणारा खाली नसतो.

नोन्नो काठी उगारून माझ्याकडे आला. मला वाटलं, नोकरी गेली. काठी डोक्यात बसेल ती वेगळीच.

"मूर्खा!" तो माझ्या कानाशी ओरडला. "पुढे-मागे काय करतोस? पाडशील त्याला! बाजूला! डावीकडे, उजवीकडे! होडीत बसलायस का कधी?"

बसलोय. कोकणातला असून दर वेळी मला होडी लागते. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

नोन्नोनं काठी हवेत धरली आणि डावीकडे, उजवीकडे हलवायला लागला. ढोलवाल्यानं ती बघून ठेका बदलला. आम्ही डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. आणि गंमत अशी की डावीकडे झुकलं की उजव्या बाजूच्यांचे खांदे सुटायचे, उजवीकडे झुकलं की डाव्या बाजूच्यांचे.

"अरे, हलकं वाटतंय!" नागपूरचा ओरडला. "कीप गोइंग, यार!"

बाबा मालगाडीसमोर डोलत राहिले, लाटांवर असल्यासारखे. ट्रम्पेटवालाही आता मागे राहिला नाही.

"माझा बाप असाच डोलवायचा," नोन्नो फादरांना सांगत होता. "सगळे डोलवायचे. मी लहान होतो तेव्हा तुमच्यासारखाच एक फादर आला आणि म्हणाला, हे शोभत नाही, सरळ चाला. तेव्हापासून सरळ चालतोय आम्ही. सरळ चालून चालून म्हातारे झालो."

फादरांनी फोन खिशात ठेवला. म्हणजे ट्रकवाल्यानं उचलला नव्हता की यांनी बंद केला, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

शेवटचा डबा गेला. फाटकाचे दांडे वर झाले. आम्ही डोलतच रूळ ओलांडले. पोलिसवाला गाडीतून उतरून पलीकडची वाहनं थांबवून उभा होता आणि त्याचाही एक पाय ठेक्यावर हलत होता. मोठ्या चर्चचं दार बाबांच्या मानानं रुंद निघालं, हे बरं झालं, नाहीतर मी तिथंही काहीतरी केलं असतं. बाबांना आत एका बाजूला, एक्झिटच्या लाल दिव्याखाली जागा दिली होती. नोन्नो दारापर्यंत आला. आत कार्पेट दिसत होतं. तो बाहेरच उभा राहिला. थकलो म्हणाला आणि मालकिणीबरोबर घरी गेला.

सात जण केक खाऊन गेले. मी टेकू व्हॅनमधून काढून धुतले, जसं काही ते वापरले होते. पण माझं मन लागेना. एवढं सगळं करून म्हातारा आत गेलाच नव्हता. आठवडाभर तो खुर्चीत बसून माझ्या चुका काढत होता, पण चर्चचं नाव नाही. मालकीण माझ्याकडे बघायची आणि मी ट्रेकडे.

पुढच्या रविवारी मी सकाळी डिलिव्हरीचे पाव भरत होतो. मागच्या दारात नोन्नो उभा. काळा सूट, बूट पॉलिश केलेले.

"मला तिकडे सोड," तो म्हणाला.

मी सीटवरचं पीठ झटकलं. वाटेत तो फक्त एकदा बोलला. "सावकाश. पाव नाहीये मी."

चर्चच्या दारात त्यानं माझा दंड धरला. "चल आत."

"मी हिंदू आहे, नोन्नो."

"तुला कोणी विचारलं? कार्पेटवर काठी घसरते."

आम्ही बाबांच्या जवळच्या बाकावर बसलो. नोन्नोनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, शेजारच्या घरात राहायला आलेल्या माणसाला ओळख दाखवावी तशी. मग प्रार्थना सुरू झाली. सगळे उभे राहिले तेव्हा मी बसलेलो होतो. मी उभा राहिलो तर सगळे बसले. सगळे गुडघ्यावर गेले तेव्हा मी एकटाच सबंध चर्चमध्ये ताठ उभा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांहून उंच.

नोन्नोनं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. "बस," तो पुटपुटला. "तो बघतोय."

मी बसलो. तासभर बसलो. नोन्नोनं माझा शर्ट शेवटपर्यंत सोडला नाही.